खोली क्रमांक एकशे सतरा आणि नग चौदा

आदरणीय भावोजी,

मी, आपल्या पत्नीचा सख्खा धाकटा भाऊ, वय वर्षे सत्तावन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, स्टेशनाला लागून असलेल्या जुन्या हॉटेलात बत्तीस वर्षे सेवेत असलेला आणि त्यांपैकी एकतीस वर्षे वस्तुसूची विभागात काढलेला, सध्या त्याच विभागाचा अधीक्षक (घरात आपण सर्वजण ज्याला टिपणराव म्हणता तोच), हे पत्र केवळ आपल्या प्रकृतीची चौकशी करण्यासाठी लिहीत आहे. पत्राचा दुसरा कोणताही हेतू नाही. माझा नमस्कार स्वीकारावा. त्याची पोच देण्याची आवश्यकता नाही.

आपला गुडघा कसा आहे? (डावा. गेल्या खेपेस आपण उजवा म्हणाला होता आणि ताई डावा म्हणाली होती. मी ताईचे म्हणणे नोंदवून घेतले आहे.) खोकला थांबला असेल अशी आशा करतो. ताईची प्रकृती उत्तम असणार, त्याबाबत मी विचारत नाही. तिच्या वाटेला जाण्याची आजारांची छाती होत नाही हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. सकाळचा चहा अजून आपणच करता ना? तसे असल्यास आले किसून न घालता ठेचून घालावे, असे माझे मत मागील तीन पत्रांतही आपण वाचले असेलच.

फोन का केला नाही, असा प्रश्न आपल्या मनात येईल. आपल्या घरचा फोन ताई उचलते. आपल्या खिशातला मोबाइलही ताईच उचलते. पत्र मात्र आपण स्वतः फोडता, कारण ताईला चष्मा शोधायचा कंटाळा आहे. आता प्रकृतीचा विषय संपला. माझी प्रकृती ठीक आहे. मी हे पत्र आमच्याच हॉटेलच्या खोली क्रमांक ११७ मधून लिहीत आहे. आज माझा येथील सातवा दिवस असून या सात दिवसांत मी खोलीबाहेर पाऊल टाकलेले नाही. काळजीचे कारण नाही. मला कोणी डांबून ठेवलेले नाही, आणि पत्नीशी भांडण झाले होते असेही नाही (ते नंतर झाले). सर्व प्रकार क्रमाने सांगतो.

आमचे हॉटेल या शहराची खूण आहे, हे आपण जाणताच. दंतवैद्याच्या पाटीवर 'घुमटासमोर', शिकवणीच्या जाहिरातीत 'घुमटामागे' आणि लग्नाच्या पत्रिकेत 'घुमटापासून डावीकडे वळून' असे लिहिलेले असते. संपूर्ण शहर आमच्या घुमटाकडे बघत दुसरीकडे कुठेतरी जात असते. आत मात्र फारसे कोणी येत नाही. तरीही एकशे वीस खोल्या, फलाट क्रमांक एकवर उघडणारा खास दरवाजा, आणि दोन माणसांनी उभे राहावे व तिसऱ्याने आशा सोडावी एवढी लिफ्ट, असे सर्व वैभव शाबूत आहे. यंदा ही इमारत शहराच्या वारसा यादीत घेण्याचे ठरत आहे. एकदा यादीत नाव लागले की तिला हात लावण्याची कोणाची बिशाद नाही. न लागल्यास पूर्वेकडची बाजू पाडून तेथे गाड्या उभ्या करण्याची सोय होणार आहे. (माझे कार्यालय पूर्वेकडे आहे. त्या जागी बहुधा दोन स्कूटर मावतील.)

वारसा समितीची अट एकच, पण कडक: मूळ वस्तू जागच्या जागी आणि पूर्ण संख्येने असल्या पाहिजेत, तसे जबाबदार अधिकाऱ्याने सही करून लिहून दिले पाहिजे, आणि त्यातला एक शब्द जरी खोटा निघाला तर अर्ज परत. तो जबाबदार अधिकारी मी. सहा आठवडे मी एकेक वस्तू स्वतः मोजली. पितळी नळ, संगमरवरी पायऱ्या, खिडक्यांच्या नक्षीच्या काचा दोनशे चाळीस, सर्व. आपण मला ओळखता. मी घरी दिव्याच्या बटणाजवळसुद्धा ते कोणत्या दिव्याचे आहे हे लिहून ठेवतो. बत्तीस वर्षांत माझी एकही सही चुकीच्या कागदावर पडलेली नाही, आणि आमचे व्यवस्थापक मी सही केलेला कागद वाचण्याची तसदी घेत नाहीत, हाच माझा आजवरचा एकमेव पुरस्कार आहे.

आता किल्ल्यांकडे येतो. आमच्या किल्ल्या मूळच्या आहेत: वीतभर लांब, भरीव पितळेच्या, मुठीच्या जागी आऱ्यांसह आगगाडीचे चाक. स्वागतकक्षात एकशे वीस खुंट्यांचा फळा आहे. किल्ली पाहुण्याकडे गेली की रिकाम्या खुंटीवर लाल चकती लावायची, हा शंभर वर्षांचा रिवाज. फलाट दारातच असल्यामुळे पाहुणे किल्ली खिशात घालून गाडीत बसतात आणि तीनशे मैलांवर त्यांना खिसा जड लागतो. ते ती तिथल्या गार्डच्या हवाली करतात, गार्ड उलट्या गाडीने ती आमच्याकडे पाठवतो. या मार्गावरच्या प्रत्येक गार्डच्या डब्यात आमच्या किल्लीसाठी एक खिळा आहे. किल्ली सरासरी चार दिवसांत परत येते, आणि पुष्कळदा पाहुण्यापेक्षा जास्त प्रवास करून येते.

प्रमाणपत्रात मी लिहिले: किल्ल्या एकूण एकशे वीस, फळ्यावर एकशे एकोणीस, पाहुण्याकडे एक. कारण एकशे सतराच्या खुंटीवर लाल चकती होती. मी सही केली.

भावोजी, एकशे सतरा या खोलीत बरीच वर्षे कोणी उतरत नाही. खिडकी थेट इंजिनाच्या शिटीसमोर येते. साफसफाईच्या बाई त्यांच्या सर्वकिल्लीने ती उघडतात आणि पुसून बंद करतात. लाल चकती तिथे का आहे, हे कोणीही कोणाला विचारलेले नव्हते. सकाळपाळीला वाटे संध्याकाळपाळीला ठाऊक असेल, आणि संध्याकाळपाळीही सकाळपाळीविषयी तेवढाच आदर बाळगून होती.

सात तारखेला समिती आली. अध्यक्षबाई इमारतींच्या शास्त्रातील निवृत्त प्राध्यापिका आहेत, आणि त्यांच्याकडे घडी घालून ठेवता येणारे भिंग आहे. मी त्यांना अडीच तास हिंडवले. त्यांनी नळ बघितले, काचा बघितल्या, सर्व ठीक. मग फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि लाल चकतीवर बोट ठेवून सहज म्हणाल्या, "अरे वा, एकशे सतरामध्ये पाहुणे आहेत वाटतं. कोण उतरलंय?"

स्वागतकक्षातील बाईंनी वही उलटली. वहीत एकशे सतरासमोर कोणाचेही नाव नव्हते. मागचे पान, त्याच्या मागचे पान, मागची वही. माझ्या डोळ्यांसमोर माझी सही उभी राहिली. ताजी, निळी, अगदी सुवाच्य. माझ्या तोंडचे पाणी पळाले आणि त्या कोरड्या तोंडातून एकच शब्द बाहेर पडला.

"मी."

"तुम्ही? इथेच नोकरीला आहात ना तुम्ही?"

"हो," मी म्हणालो. "रजेवर आहे."

अडीच तास त्यांना हिंडवणारा मनुष्य रजेवर कसा, हे त्यांनी विचारले नाही. पण भिंगाची घडी उलगडून त्यांनी माझ्याकडे पाहिले. "मग किल्ली दाखवता?" असे त्या म्हणताच मी त्यांना पाहुण्यांसाठीच्या नियमावलीतील नियम तेवीस म्हणून दाखवला: पाहुण्याच्या ताब्यातील किल्ली पाहण्याची मागणी त्याच्या मुक्कामात कोणीही करू नये. (ही बेचाळीस कलमी नियमावली मीच तयार केलेली आहे. ती प्रत्येक खोलीच्या दारामागे चौकटीत लावलेली आहे.) बाई हसल्या. म्हणाल्या, "नियम चांगला आहे. पण पाहुणा कधीतरी जातोच. आम्ही पंधरा तारखेला सकाळी दहाला येतो. तेव्हा फळ्यावर एकशे वीस किल्ल्या मोजू, आणि मगच शेरा लिहू."

मी आयुष्यात प्रथमच खोटे बोललो होतो. ते खरे करण्याचा सरळ मार्ग एकच होता. आमच्या सेवकांना वर्षातून आठ दिवस हॉटेलात उतरण्याची सवलत असते. मी ती आजवर एकदाच वापरली होती, तीही स्वतःसाठी नव्हे. कोणासाठी ते आपणांस आठवत असेलच. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मी वहीत नाव लिहिले, साफसफाईच्या बाईंनी सर्वकिल्लीने दार उघडून दिले आणि मी एकशे सतराचा रीतसर पाहुणा झालो. त्या क्षणापासून माझे म्हणणे खरे होते. (त्याआधीची पाच-सहा मिनिटे सोडून.)

अडचण पुढे उद्भवली. नियम चार असा आहे की पाहुण्याने खोलीबाहेर जाताना किल्ली स्वागतकक्षात जमा केलीच पाहिजे. माझ्याकडे जमा करायला किल्ली नाही. म्हणजे मला बाहेर जाता येत नाही. व्यवस्थापक म्हणाले, अहो, तुम्हीच केलेला नियम आहे, जा की सरळ. मी त्यांना विचारले की नियम करणाराच तो मोडू लागला तर पाहुण्यांनी कोणाकडे बघायचे? ते म्हणाले, पाहुणे आहेतच किती? हे त्यांचे म्हणणे मी नोंदवलेले नाही.

तेव्हापासून जेवण दाराशी येते आणि फायलीही दाराशी येतात. खोलीचा नळ ठिबकतो. मी पाहुणा या नात्याने नियम अठ्ठावीसप्रमाणे लेखी तक्रार दिली. ती सर्व मेजांवरून फिरून तिसऱ्या दिवशी वस्तुसूची अधीक्षकाच्या अभिप्रायासाठी माझ्याकडेच आली. मी कागद तपासला. नळ मूळचा आहे, वारसा वस्तूला पक्कड लावता येत नाही. तक्रार फेटाळली. पाहुण्याला ते पटले नाही. त्याने फेरविचाराचा अर्ज दिला आहे आणि त्याची भाषा मला थोडी उद्धट वाटली.

पत्नीला मी निरोप पाठवला होता की कामानिमित्त आठ दिवस हॉटेलात राहतो आहे. दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन आली. नियम नऊ: भेटायला येणाऱ्यांनी तळमजल्यावरील दालनातच थांबावे, पाहुण्याने तेथे यावे. मला जाता येईना, तिला येता येईना. साफसफाईच्या बाई म्हणाल्या, "साहेब, जाऊ द्या हो वर त्यांना, बायकोच आहे." मी म्हणालो, नात्याचा उल्लेख नियमात नाही. हे बाईंनी खाली जाऊन शब्दशः सांगितले. (शब्दशः सांगू नये असा नियम करायला हवा होता.) पाच मिनिटांनी माझ्या खिडकीखाली, फलाट क्रमांक एकवर, पत्नीचा आवाज आला.

"नात्याचा उल्लेख नाही का? बरं. घरात ज्याच्या-त्याच्यावर चिठ्ठ्या चिकटवल्यात ना, त्यातली एक माझ्यावर लावायची राहिली वाटतं. आता ऐका. डबा मी या हमालदादांना दिलाय. दुधीची भाजी आहे. त्यांना आवडते म्हणाले."

त्या वेळी खिडकीखाली दुपारची पॅसेंजर उभी होती. ती सहा मिनिटे थांबते. तिच्या सर्व खिडक्यांतून माणसे बाहेर डोकावत होती आणि त्यांचा कल पूर्णपणे पत्नीच्या बाजूने होता. एका आजीबाईंनी मला वर बघून विचारले, "काय रे बाबा, पितोस का?" मी नकारार्थी मान हलवली. त्या पत्नीला म्हणाल्या, "मग सोडून दे. न पिता असा वागतो म्हणजे स्वभावच आहे."

ही गाडी रोज येते, रोजचे प्रवासी तेच. पाचव्या दिवसापर्यंत मी त्यांच्या माहितीचा झालो. एक शिक्षक गाडी थांबली की वर बघून "सुटले का?" असे विचारतात आणि मी नाही म्हटले की "उद्या बघू" म्हणून पेपर उघडतात. कोणीतरी मला वाचायला मासिक दिले; काठीला बांधून वर पाठवले. खिडकीतून फलाटावरील व्यक्तींशी देवघेव करण्यास नियम सतराने मनाई आहे. मी मासिक वाचून तसेच परत पाठवले, म्हणजे देवघेव पूर्ण होऊन शिल्लक काही राहिले नाही.

असा हा प्रकार. उद्या चौदा तारखेला माझे आठ दिवस संपतात. संध्याकाळी पाच वाजता एकशे सतराचा पाहुणा रीतीप्रमाणे खोली सोडील, आणि परवा सकाळी दहा वाजता अध्यक्षबाई भिंग उघडून फळ्यावरच्या किल्ल्या मोजतील. एकशे एकोणीस निघाल्या तर माझी सही खोटी, अर्ज परत आणि पूर्वेकडच्या भिंतीवर पहिला घाव. मी मागे वळून पाहतो तर मला कशाचीच खंत नाही. फक्त बत्तीस वर्षांनंतर व्यवस्थापक माझा कागद वाचू लागतील, ही कल्पना मला सहन होत नाही.

असो. आपण गुडघ्याला शेक द्यावा. ताईस नमस्कार सांगावा, पण हे पत्र आल्याचे सांगू नये.

आपला आज्ञाधारक मेहुणा,
वस्तुसूची अधीक्षक (आणि पाहुणा, खोली क्र. ११७)
१३ सप्टेंबर, सकाळी १०.३०

ता. क. १: एक किरकोळ विषय राहिला. एकतीस वर्षांपूर्वी, लग्नानंतर आपण आणि ताई गाडी पकडण्यापूर्वी एक दिवस आमच्या हॉटेलात उतरला होता. माझी सवलत वापरून. मी तेव्हा स्वागतकक्षात नवा कारकून होतो. खोली कोणती होती ते आपण विसरला असाल. एकशे सतरा.

आपल्या सामानाची यादी मी केली होती. नग चौदा. प्रत्येकाला माझ्या हस्ताक्षरातील चिठ्ठी. नग तेरा म्हणजे ताईची लोखंडी पेटी, जिला वडिलांनी जुन्या तिजोरीचे कुलूप बसवले होते. नग चौदा म्हणजे त्या पेटीची किल्ली, वीतभर, पितळी. आपण घरी पोहोचलात, आणि नग चौदाने नग तेरा उघडेना. पुढचे रामायण मी उगाळत नाही. ताईने तीन वर्षे खपून भरलेला बारा माणसांचा टेबलक्लॉथ आत. आपण हातोडा घेतलात, तर ताईने सांगितले की जो हरवतो त्यानेच शोधावी, तोपर्यंत पेटीला हात नाही आणि तोपर्यंत सकाळचा चहा तुमच्याकडे. त्या वेळी आपण हळूच म्हणाला होता की एखादे वेळेस चिठ्ठीच चुकीची लागली असेल. सर्वजण हसले. मीही हसलो, आणि मी सहसा हसत नाही. त्यानंतर प्रत्येक भेटीत मी आपणांस निष्काळजीपणावर चार शब्द सांगत आलो ते आपल्या हितासाठी.

सात दिवस मी या दाराचे कुलूप बघतो आहे. काल एकदम आठवले. आपल्या दिवाणखान्यातील पडद्याच्या दोरीला वजन म्हणून जे बांधलेले आहे, पडद्याला शोभेसे हिरवे रंगवलेले, त्याच्या वरच्या टोकाला आऱ्यांचे चाक आहे. भावोजी, ते वजन नव्हे. ती एकशे सतराची किल्ली आहे. आपण गडबडीत खोलीची किल्ली खिशात घालून पेटीची किल्ली खोलीत टाकून गेलात, हे आता उघड आहे. मी रागावलेलो नाही. फक्त उद्या सकाळी ८.१० च्या पॅसेंजरच्या गार्डकडे ते वजन द्यावे. गाडी २.३५ ला माझ्या खिडकीखाली येते. पडद्याला तूर्त एखादा बत्ता बांधावा.

आपला, वरीलप्रमाणे. १३ सप्टेंबर, दुपारी १२.००

ता. क. २: ता. क. १ लिहून झाल्यावर, आपला निष्काळजीपणा पुराव्यानिशी सिद्ध करावा म्हणून मी स्वागतकक्षातील जुनी वही आणि 'किरकोळ' असे लिहिलेला खण वर मागवला. (खणावरचे 'किरकोळ' माझ्याच हस्ताक्षरात आहे.)

वहीत त्या दिवशीची नोंद आहे: किल्ली ११७ परत मिळाली, तपासली, बरोबर आहे. खाली सही. सही माझी.

खणात तळाशी एक पितळी किल्ली आहे. वीतभर, पण मुठीला चाक नाही. तिला चिठ्ठी आहे: '११७'. हस्ताक्षर माझे. ही किल्ली मी एकशे सतराच्या कुलपात घालून पाहिली. ती आत जातही नाही. तिच्यावर वडिलांनी कानशीने ओढलेली खूण आहे, पेटीवर आहे तशीच. आता सर्व कळते. तिने खोली उघडेना, तेव्हा माझ्या मागून आलेल्या कोणा पाळीने ती खणात टाकली असेल आणि खुंटीवर लाल चकती लावली असेल. महिन्याभरात माझी बदली वस्तुसूचीत झाली, कारण वरिष्ठांच्या मते मी फार अचूक होतो.

भावोजी, चिठ्ठ्या मीच उलट्या लावल्या. आपले म्हणणे बरोबर होते. आपण एकतीस वर्षे सकाळी उठून चहा केलात, म्हणजे अकरा हजारांहून अधिक वेळा (प्रवास आणि आजारपण वजा जाता), आणि माझ्याकडून आले ठेचण्याविषयी सूचनाही ऐकून घेतल्यात. माझी पहिली खोटी सही या महिन्यातली नव्हे. मी आपली क्षमा मागतो. ही विनोदाने घेण्याची बाब नाही. पेटीची किल्ली या पत्रासोबत पाठवीत आहे. ती ताईला द्यावी आणि सांगावे की जुन्या कोटाच्या अस्तरात सापडली. म्हणजे जो हरवतो त्यानेच शोधली असे होईल आणि आपण चहातून मोकळे व्हाल. माझे नाव आले नाही तर बरे. आले तर माझी हरकत नाही असे मी लिहू पाहत होतो, पण ते खरे नाही.

आपला, पूर्वीइतका खात्रीने नव्हे. १३ सप्टेंबर, दुपारी १.४५

ता. क. ३: २.३५ ची पॅसेंजर आली. शिक्षकांनी वर बघून "सुटले का?" विचारले, मी नाही म्हणणार एवढ्यात तिसऱ्या डब्यातून ताई उतरली. हातात आपल्या पडद्याचे वजन.

पत्नीने तिला काल फोन करून एकशे सतराच्या किल्लीचा सर्व प्रकार सांगितला होता. ताई फलाटावर उभी राहून म्हणाली, "टिपण्या, झेल." मी तिला विनंती केली की खिडकीच्या काचा यादीत आहेत, फेकू नकोस. मग ती वर आली. नियम नऊ ताईला लागू होत नाही, असे साफसफाईच्या बाईंना वाटले आणि मलाही तसेच वाटले. तिने दारात उभे राहून किल्ली कुलपात फिरवली, कुलूप लागले, उघडले. हिरवा रंग थोडा उडाला. मग हात पुढे करून म्हणाली, "हं. आता नग चौदा आण."

मी विचारले, तुला माहीत होते? ती म्हणाली, "वीस वर्षं झाली. इथे चहाला आले होते एकदा, तेव्हा फळ्यावर ही चाकं बघितली. घरी जाऊन पडद्याकडे बघितलं आणि सगळं समजलं. यांच्या हातून काही हरवत नाही रे. यांनी लग्नातली गाडीची तिकिटंसुद्धा जपून ठेवलीत."

"मग वीस वर्षं बोलली का नाहीस?"

"का म्हणजे? बोलले असते तर सकाळचा चहा कोणी केला असता?" ती पुढे म्हणाली, "आणि चहा छान करतात. आलं किसून घालतात. तू त्यांना ठेचायला सांगतोस ना? सांगू नकोस. आणि हेही सांगू नकोस. पेटी मी ते बाजारात गेले की उघडीन, टेबलक्लॉथ बघीन आणि परत लावीन."

सबब पेटीची किल्ली आता ताईच्या पिशवीत आहे आणि ता. क. २ मध्ये म्हटल्याप्रमाणे ती सोबत जोडलेली नाही, याची नोंद घ्यावी. ताई ५.२० च्या गाडीने परत निघत आहे. हे पत्रही त्याच गाडीने येत आहे. ताई तिसऱ्या डब्यात, पत्र गार्डच्या डब्यात, खिळ्यावर. तिने पत्र पाठवू नकोस असे मला सांगितलेले नाही, कारण पत्र आहे हे मी तिला सांगितलेले नाही. सही केलेल्या कागदावर मी खाडाखोड करीत नाही, त्यामुळे ता. क. २ खोडता आला नाही. (खोडता आला असता तरी खोडला नसता. एकतीस वर्षांनी एकदा तरी हा कागद आपल्या हाती बरोबर पोहोचला पाहिजे.) आपण ताईला घ्यायला स्टेशनवर याल, तेव्हा ती पुढे चालू लागली आणि आपण गुडघ्यामुळे मागे राहिलात की हे पत्र हळूच आपल्या हाती द्यावे, असे मी गार्डला सांगून ठेवणार आहे.

दुपारी ४.०५ ला मी एक दिवस आधीच खोली सोडली, किल्ली जमा केली आणि लाल चकती काढून घेतली. फळ्यावर एकशे वीस आहेत. मी तीनदा मोजल्या. पत्नी खाली दालनात बसली आहे. डबा आणला आहे, मात्र अजून उघडलेला नाही.

राहता राहिली विनंती. आपण ता. क. २ आणि ता. क. ३ वाचलेले नाहीत, असे समजून वागावे; उद्या सकाळी नेहमीप्रमाणे उठावे, चहा करावा, आले किसूनच घालावे, आणि ताईने कप हातात घेतला की तिच्याकडे पाहून हसू नये. हे दोन्ही मजकूर वाचले नसल्याची लेखी पोच मात्र मला सहीनिशी अवश्य पाठवावी.

आपला ऋणी,
टिपणराव
स्वागतकक्ष, तळमजला, स्टेशन हॉटेल
१३ सप्टेंबर, दुपारी ४.४०